टँकरच्या गावातून भूतानला

दुष्काळात बाईनं कुठं जावं हे आमच्या गावात ठरलेलं आहे: टँकरपाशी. फार तर माहेरी. त्यामुळे मी आणि माझी नणंद सुमनताई दिवाळीच्या सुट्टीत भूतानला चाललोय ही बातमी फुटली, तेव्हा घाटनांदूरच्या बाजारापर्यंत लोकांची करमणूक झाली. पाऊस पडत नाही त्या वर्षी करमणुकीचाही तुटवडा असतो. आम्ही तो भरून काढला.

भूतान माझ्या डोक्यात बऱ्याच वर्षांपासून होता. मी शाळेत भूगोल शिकवते. निम्म्याहून जास्त जमीन कायम जंगलाखाली राहील असं ज्या देशाच्या राज्यघटनेत लिहिलंय आणि जो पाहुण्याकडून रोजचा कर घेऊन ‘आता सावकाश बघा’ म्हणतो, तो देश एकदा डोळ्यांनी बघावा असं वाटायचं. सुमनताईंचं कारण याहून सरळ होतं. त्यांची भिशी लागली होती. गळ्यातलं करायचं सोडून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “वैनी, म्या उभ्या जन्मात पानी सांडताना बघितलं ते भांडनातच. एकदा नुसतंच वाहतं पानी बघायचंय. कुठं हाय तिथं न्या.”

सुमनताईंची थोडी ओळख करून देते. गावातच दिलेली लेक, दोन म्हशी, तीन गाई आणि गावच्या दूध संस्थेचं अध्यक्षपद. संचालकांच्या दोन गटांचं कुठल्याच नावावर एकमत होईना, म्हणून निरुपद्रवी बाई बघून यांना खुर्चीवर बसवलं. तिथं निवड चुकली. संस्थेच्या जागेत एक विहीर आहे. गावातल्या सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडतात तेव्हाही हिच्यात कमरेएवढं पाणी असतं. उपाध्यक्ष बापूरावांना ती विहीर विकायची होती. घेणारा त्यांचाच साडू, जारच्या पाण्याचा धंदा करणारा. म्हणजे आमचंच पाणी, आमच्याच गावात, निळ्या जारमध्ये.

आम्ही निघायच्या आधी बापूराव घरी आले. चहा घेतला, दुधाची साय बाजूला सारली आणि म्हणाले, “ताई, दुष्काळात संस्था जगवायची म्हंजी पैसा लागतो. विहीर देऊन टाकू. तुमी फक्त आडवं येऊ नका.”

“अन् आले तर?”

“तर लोक इचारतील. गावात टँकर अन् अध्यक्ष परदेशात. अविश्वास आनावा लागंल.”

“लोक म्हंजी तुमीच ना?”

“लोक म्हंजी लोक,” बापूराव म्हणाले आणि उठले.

आदल्या वर्षी हेच संचालक मंडळ ‘अभ्यास दौऱ्या’वर गोव्याला गेलं होतं, संस्थेच्या पैशानं. समुद्रकाठी कोणत्या म्हशीचा अभ्यास झाला ते अजून कळलेलं नाही. पण बाई स्वतःच्या भिशीतून गेली की दुष्काळाला लाज वाटते.

दोन दिवसांनी नोटीस लागली. आम्ही परतणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर्वसाधारण सभा, विषय एकच: विहिरीची विक्री. विहिरीचा निर्णय सभासदांनी घ्यायचा, अध्यक्ष काढायचा की ठेवायचा हा संचालकांनी. आमचं परतीचं तिकीट बापूरावांना पाठ होतं. गाडी उशिरा आली असती तर अध्यक्षाविना सभा झाली असती आणि विहीर गेली असती. मी म्हटलं, तिकीट रद्द करू या.

“घरात बसले म्हून मिळनारी मतं ही मतं न्हाईत वैनी, बक्षिशी हाय,” सुमनताई म्हणाल्या. “चला.” निघायच्या सकाळी केंद्रावर दूध घालायला आलेल्या प्रत्येकीला मात्र त्यांनी बजावलं, “सभेला नवऱ्याला धाडू नको. सभासद तू हायेस, तू ये.”

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. घाटनांदूरहून रेल्वेनं सिकंदराबाद, तिथून कोलकाता, सियालदहवरून उत्तरेची गाडी आणि हासीमारा स्टेशन. पुढे शेअर रिक्षानं जयगाव, आणि एका नक्षीदार कमानीपलीकडे भूतान. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड जवळ ठेवा, आधार कार्ड तिथं चालत नाही. आम्ही गेलो तेव्हा भारतीय माणसाला दर रात्री बाराशे रुपये कर होता. गाडी आणि गाईड धरून हा खर्च मोठाच आहे, तो स्वस्तात कसा करायचा ते मला विचारू नका. स्वस्तातच फिरायचं तर आपल्याकडे पुष्कळ जागा स्वस्तात उरकल्यात, त्यांची काय दशा झाली तेही बघून या. आपल्या शंभराच्या नोटा चालतात. स्टीलची बाटली न्या. भाकरी वाळवून न्या, सोबत शेंगदाण्याची चटणी.

कमानीच्या अलीकडे हॉर्न, पलीकडे शांतता. सुमनताईंना वाटलं कुणीतरी वारलंय.

आमचा गाईड कर्मा, गुडघ्यापर्यंतचा घो, म्हणजे तिकडचा झगा, घातलेला, हिंदी आमच्याहून शुद्ध. थिंफूला जाताना रस्ता ढगातून जातो. वळणावळणावर पाणी कोसळत असतं आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. सुमनताई प्रत्येक ओढ्याला हात जोडत होत्या, शेवटी हात दुखले. थिंफूच्या हॉटेलात न्हाणीत पाटी होती: पाणी जपून वापरा, पृथ्वी वाचवा. सुमनताईंनी मला ती वाचून दाखवायला लावली. मग एका तांब्यात तोंड, दुसऱ्यात पाय धुतले, आणि उरलेलं पाणी टाकायला झाड शोधत बाल्कनीत गेल्या. जबाबदार पर्यटन कसं करावं यावर इंटरनेटवर मैलभर मजकूर आहे. तो लिहिणाऱ्यांना उन्हाळ्यात एक आठवडा आमच्याकडे पाठवा. आमच्याकडची बाई जन्मतःच जबाबदार असते, तिला दुसरा पर्याय दिलेला नाही.

जेवणाचं म्हणाल तर बीडच्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. एमा दात्शी म्हणजे चीज घालून केलेली मिरचीचीच भाजी. तोंडी लावायला नव्हे, वाटीभर. सुमनताईंनी पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “हितं मला नांदवलं असतं तरी चाललं असतं.” खारट लोण्याचा चहा मात्र त्यांनी दूध संस्थेच्या नजरेनं तपासला. “लोनी चांगलं हाय. चहात घालून कावून वाया घालवलं?”

दोचुला खिंडीतले एकशे आठ स्तूप बघून आम्ही फोबजिखा खोऱ्यात उतरलो. रुंद, पिवळं खोरं, बटाट्याची काढलेली वावरं आणि हिवाळ्यासाठी तिबेटातून उतरणारे काळ्या मानेचे क्रौंच. पक्ष्यांना धडक बसू नये म्हणून तिथं विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. मी ऐकतच राहिले. आमच्याकडे तार खाली येते ती म्हशीच्या अंगावर, आणि पंचनाम्याला म्हैस मेल्याचा पुरावा मागतात.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला एका वस्तीत आमचा घरगुती मुक्काम होता. घर पेमाचं. सुमनताईंच्याच वयाची, चार गाईंची मालकीण, दोघींची मैत्री गोठ्यातच झाली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण कासेला हात लावून काय बोलायचं ते दोघींना येत होतं. पेमाच्या घराजवळ डोंगरातल्या झऱ्याचं पाणी एका पाइपातून येतं. पाइपाला तोटी नाही. पाणी अखंड पडतं, दगडी पाटातून खाली जातं.

सकाळी मी उठले तर सुमनताई अंगणात समाधानानं बसलेल्या.

“झोप लागली का?”

“कशाची. उघड्या नळाचा आवाज ऐकून जीव नुसता वर-खाली. आता केला बंद.”

“तोटी कुठं होती?”

“तोटी न्हाई, म्हून तर. जळनातली एक ढलपी घेतली, फडकं गुंडाळलं अन् दिली ठोकून. लई बेवारशी कारभार हाय हितं.”

मी चहा संपवेपर्यंत अंगणात माणसं जमू लागली. पाटाच्या खालच्या टोकाला एक छोटं घरकुल आहे, त्यात पाण्यावर फिरणारं प्रार्थनाचक्र. दर फेऱ्याला त्याची घंटा वाजते. ती थांबली होती. एकजण धावत वर झऱ्याकडे गेलेला. एक म्हातारा हात खाली सोडून नुसता उभा होता. कर्मानं हळू आवाजात सांगितलं, की पलीकडच्या वस्तीचा झरा गेल्या काही वर्षांत आटला. यांना वाटलं, आता आपला.

सुमनताई उठल्या. “वैनी, ही तोंडं मला ठावं हायेत,” त्या म्हणाल्या. “टँकर येत न्हाई तवा आपली अशीच असत्यात.” त्या पाइपाकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर ढलपी उपसून काढली. पाणी आधी खाकरलं, मग आलं. थोड्या वेळानं खालून घंटा वाजली.

पेमा चिडली होती आणि ते तिनं लपवलं नाही. कर्मा तर्जुमा करत गेला. “तुमच्याकडे पाणी असं थांबवतात?”

सुमनताई आपल्या दख्खनी हिंदीत म्हणाल्या, “बहन, हमारे यहाँ पहले थांबवते, फिर बेचते. तुम्हारा बह रा था, मेरे से देखा नहीं गया. गलती हो गई.”

“विकतात? कोणाचं पाणी?”

“सबका.”

“मग विकतं कोण?”

सुमनताईंनी ढलपी जळणावर परत ठेवली. उत्तर मला येत होतं, पण संचालक मंडळाला तिकडच्या भाषेत काय म्हणतात ते मी कर्माला विचारलं नाही. काही शब्दांची निर्यात करू नये.

खरं तर त्या दिवशी आम्हाला पारोकडे निघून पुढं कड्यावरचा प्रसिद्ध मठ चढायचा होता. फोटोत सगळ्या जगाने पाहिलेला. तो आम्ही बघितला नाही. वाचकांपैकी काहीजण याबद्दल मला माफ करणार नाहीत, त्यांनी करू नये. झऱ्याची तपासणी करायला वस्तीतली माणसं वर निघाली होती, सुमनताई त्यांच्यात घुसल्या, म्हणून मीही. तासभर दमछाक करणारी चढण, ओक आणि देवदारासारख्या झाडांतून. वर झऱ्याभोवती एकही झाड तोडलेलं नव्हतं. तिथं कळलं की झऱ्याची राखण घरटी पाळीनं असते, आणि पाण्याबद्दल काही ठरवायचं तर सगळी घरं इथं वर येऊन, पाण्यासमोर बसून ठरवतात. खाली कुणाच्या माजघरात नाही.

भूतान म्हणजे स्वर्ग, असं मी लिहिणार नाही. पेमाचा मुलगा ऑस्ट्रेलियात गेलाय, वस्तीतली निम्मी तरुण पोरं निघायच्या तयारीत आहेत आणि झऱ्याची धार पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे तिनंच सांगितलं. निघताना तिनं सुमनताईंना वाळवलेल्या चीजच्या दगडासारख्या वड्यांची माळ दिली. मग पाइपाकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. कर्मा हसला. “म्हणतेय, परत या, पण हात मोकळे ठेवून या.”

परतीची गाडी उशिरा धावलीच. सभेच्या सकाळी आम्ही स्टेशनवर उतरलो आणि पिशव्यांसकट थेट सभागृहात. बापूरावांनी स्टेजवरून आमच्याकडे बघितलं तेव्हा त्यांच्या साडूनं हातातला हार खाली ठेवला. हॉलमध्ये पुढच्या रांगांत पुरुष होते. पण मागं भिंतीला लागून बायका उभ्या होत्या, दाराबाहेरपर्यंत.

सुमनताईंनी सभा सुरू केली, विषय वाचला आणि पुढं म्हणाल्या, “विक्री विहिरीची हाय, तवा विहिरीवर बसून ठरवू. ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा.”

“ताई, नोटिशीत जागा हॉलची हाय,” बापूराव म्हणाले.

“सभा हॉलमधीच सुरू झाली की. आता सभासद म्हनत्यात तिकडं जाऊ.” मागचे सगळे हात वर होते.

ऊन कडक होतं. विहिरीच्या काठावर लोक दाटीनं उभे राहिले आणि खाली बघू लागले. तळाशी ते पाणी, शांत, काळसर, कमरेएवढंच. बापूरावांनी विक्रीच्या बाजूनं चांगलं भाषण केलं, खोटं कशाला सांगू. पण ‘ज्यांची संमती आहे त्यांनी’ असं म्हटल्यावर जे हात वर आले ते खाली बघून वर आले नव्हते, आणि ते थोडे होते. दुसऱ्या बाजूचे हात मोजायची गरज पडली नाही. तिथंच ठरलं: पंपाची किल्ली ऑफिसात राहणार नाही, दर आठवड्याला एकेका सभासदाच्या घरी जाईल, पाळीनं. पाणी गावाच्या जनावरांना आणि माणसांना. जारला नाही.

संध्याकाळी संचालकांची बैठक झाली आणि अविश्वास मंजूर झाला. कारण म्हणून लिहिलं: दुष्काळात परदेश दौरा. बापूराव अध्यक्ष झाले. सुमनताईंनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “धारेची येळ झाली, निघते.” वाईट वाटलं का, असं मी रस्त्यात विचारलं. “वाटलं,” म्हणाल्या. “खुर्ची चांगली होती, पाठीला टेकू होता.”

लोक विचारतात, एवढं फिरून काय मिळालं. चीजची माळ अजून कुणाला चावता आलेली नाही. विहिरीचं पाणी वाढलेलं नाही, पाऊस आला तरच वाढेल. बाराशे रुपये कर, रेल्वेचे तास, दुखलेले गुडघे आणि एक गेलेली खुर्ची, हा सगळा खर्च धरूनही मी म्हणेन, जा. दुष्काळाचं वर्ष असेल तर नक्की जा. ज्यांना तुम्ही घरी बसावं असं वाटतं, त्यांची कारणं आधी नीट तपासून घ्या.

या आठवड्यात किल्लीची पाळी आमची आहे. काल सकाळी नवे अध्यक्ष बापूराव स्वतः आले, दोन मोठे कॅन घेऊन. जनावरं तहानली होती.

“वैनी, जरा पंप चालू करता का? घाईत हाय.”

मी किल्ली घेऊन त्यांच्याबरोबर विहिरीवर आले. तिथं सुमनताई घागर ठेवून रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यापुढं आणखी आठ-दहा बायका.

“करते की,” मी म्हटलं. “कॅन ताईंच्या मागं ठेवा.”