आवाज काढलेली पाठवणी

नारायणगावात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आधी तो तमाशात ढोलकी वाजवायचा. मनगट दुखावलं तेव्हा त्यानं कॅमेरा हातात घेतला, पण बोटं काही गप्प बसली नाहीत. उभ्या उभ्या मांडीवर ठेका धरतो, बोलताना मध्येच थांबतो, आणि समोरचा बेसावध झाला की नेमका फोटो काढतो. त्याच्यापुढं मला नेहमी अवघडल्यासारखं होतं.

माझ्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यानंच केला. तिनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं म्हणून दादा, म्हणजे तिचे वडील, मांडवात असूनही तिच्याशी बोलले नाहीत. नंतर फोनही केला नाही.

व्हिडिओ दाखवायला तो डिंगोऱ्याला आमच्या घरी आला. आम्ही बसलो, तो मात्र दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. बँडच्या तालावर चित्रं भराभर बदलत होती. पाठवणी आली आणि आवाजच बंद झाला. गाडी हलली. गर्दीमागं उभे असलेले दादा गाडीच्या दिशेनं धावले आणि मध्येच थांबले. हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

"आवाज गेला का हो, भाऊ?" वहिनीनं विचारलं.

"न्हाई वहिनी, म्याच काढला. लई वाजत व्हतं. ढोलकी थांबली की माणसं नीट बघत्यात."

दादा उठून ओट्यावर गेले. आम्हाला वाटलं, चिडले. मग बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "जेवलीस का गं?"