आत्याच्या गोळ्या आणि गावाची हळद

"तोंडं लपवा रे, आता तुमची पाळी!" असं म्हणत आत्या जेवणाचं ताट पालथं घालायची आणि त्यावर बोटांनी ठेका धरायची. मग हळदीच्या मांडवातले भलेभले पाहुणे शर्टाची बटणं चाचपायला लागायचे.

मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना रस्त्यालगतच आमचं गाव आहे. आत्याला शहापूरला दिलं होतं. तिचं दुखणं दिसल्यावर सासरच्यांनी तिला 'थोडे दिवस' माहेरी आणून सोडलं. ते थोडे दिवस काही संपले नाहीत.

हळदीची गाणी ती जागेवर रचायची. समोर बसलेल्या माणसाकडे बघूनच.

"व्याही आलं जीपगाडीत, मिशीला देतंय ताव गो,
डिझेल भरलं आमी, गाडीवर त्यांचं नाव गो!"

व्याही रागावले तरी हसायचे, कारण न हसणाऱ्याला दुसरं कडवं मिळायचं.

पण वर्षातले काही महिने आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वेणी नाही, जेवण नाही. अशा वेळी गावात डॉक्टरांचं पीक यायचं, तुमच्याही गावात येत असेल. कसाऱ्याकडच्या भगताने विहिरीवरची बाधा सांगितली. गुरुजींनी शनी सांगितला. सरपंचांनी मोबाइलच्या टॉवरला दोष दिला. आत्याकडे मोबाइल नव्हता, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही. माझ्या एका शिकलेल्या मामांनी 'पॉझिटिव्ह विचार करा' असं लिहिलेला कप भेट दिला. बाकीच्यांचं निदान साधं होतं, "कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

शेवटी आई तिला एसटीने कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि त्या कधीही मनाने बंद करायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. हळूहळू आत्या झोपायला लागली, जेवायला लागली. गाणी यायची, पण सावकाश, अडखळत.

त्याच सुमारास आप्पांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या मुलाचं लग्न ठरलं.

"वहिनी," आप्पा आईला म्हणाले, "हळदीपुरत्या ताईच्या गोळ्या बंद ठेवा. पाहुण्यांना सांगून बसलोय."

"वन्स आजारी पडतील, भावजी."

"पडली तर परत चालू करू. गोळ्या काय पळून जातात?"

आत्या दारात उभी होती. "मलाबी वाटतं गो वहिनी," ती हळूच म्हणाली, "एकदा मोकळं गावं."

आईने पुष्कळ समजावलं. आप्पांनी गोळ्यांची पाकिटं उचलून स्वतःच्या घरी नेली.

हळदीला आत्या अशी गायली की डीजेवाल्याने आपण होऊन मशीन बंद केलं. पुढारी आले, तेही सुटले नाहीत.

"साहेब आलं हळदीला, हात जोडून हसलं गो,
रस्ता कुठं विचारलं तर खड्ड्यात जाऊन बसलं गो!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सेल्फी काढला. आप्पांची छाती फुगली.

लग्न झालं, मांडव निघाला. आत्याचं गाणं मात्र थांबेना. झोप नाही, खाणं नाही, अंगणात उभं राहून सारखी कडव्यावर कडवं. ज्यांनी मांडवात "अजून एक" म्हणून ओरडून घेतलं होतं, ते आता खिडक्या लावून म्हणू लागले, "आवरा रे तिला."

मग एका सकाळी ती घरात नव्हती. माळशेज रस्त्यावरच्या एका ढाब्यापाशी सापडली. पाय अनवाणी, आवाज पार बसलेला, नुसते ओठ हलत होते. भोवती चारजण व्हिडिओ काढत होते. आईने गर्दीत शिरून तिला आपल्या पदराखाली घेतलं. तिच्या कुशीत आत्या म्हणाली, "थांबव ना गो मला."

ती बरेच दिवस इस्पितळात राहिली. आप्पांनी गावभर सांगितलं, "त्या गोळ्यांनीच डोकं फिरवलं."

परत आल्यावर आत्या रोजची गोळी ओटीवर, सगळ्यांसमोर घ्यायची. पुढच्या लग्नसराईत लोक पुन्हा आले.

"नाय येत," ती म्हणाली. "मला झोप लागते आता. ती मोडायची नाय."

"पण ताई, तुझी कला?"

"घेऊन जा तुमच्या घरी आठ दिवस. बघा झोप येते का."

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन आत्या गेली. जिवंतपणी तिला टाळणारे सगळे आता तिच्या कलेवर बोलू लागले. नाक्यावर भलामोठा बॅनर लागला. वर साहेब, खाली आप्पा आणि सतरा कार्यकर्ते, मधे उरलेल्या जागेत आत्या. फोटो त्या हळदीतला. गालाला हळद, डोळे चमकणारे, तोंडभर हसू.

आई बॅनरखाली येऊन उभी राहिली. मग बांबूला दोरी आवळणाऱ्या कार्यकर्त्याला म्हणाली, "हा काढ. माझ्याकडं दुसरा हाय. ओटीवर शेंगा सोलताना काढलेला."

"काकी, त्यात हसतात का त्या?"

"नाय."

"मग हाच बरा की. बघा किती खूश हायत!"

"यात ती आजारी हाय रे," आई म्हणाली. "त्यात बरी हाय."