धुतलेला हिरवा पट्टा

ती घटना मला अजून आठवते, पण जागेपणी कमी आणि दुपारच्या डुलकीत जास्त. निवृत्तीनंतर जेवण झालं की मी खुर्चीतच कलंडतो. बाहेर जालन्याचं ऊन पांढरं पडलेलं असतं, पंखा गरम हवा ढवळत असतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच समोर एक हिरवा पट्टा पसरतो. सुरुवातीला त्यावर कोणी नसतं. मी त्यावरून चालत राहतो आणि मला ठाऊक असतं की पुढे काहीतरी आहे, फक्त ते दिसत नाही.

पट्टा खरा होता. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तो सायकलींसाठी रंगवला होता. एकाच बाजूला, त्यामुळे सायकली दोन्ही दिशांनी त्यावरूनच जायच्या. चार दिवस लोकांनी कौतुक केलं, पाचव्या दिवशी त्यावर पहिली मोटारसायकल उभी राहिली. मग ऑटो आले, मग हातगाडे, मग बांधकामाचं सामान. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे ज्याची गाडी आधी लागली त्याची, असा कायदा आहे आणि तो कुठल्याही पुस्तकात लिहावा लागत नाही.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास त्या रस्त्यावर एका टेम्पोने सायकलला धडक दिली. सायकलवर तिशीतली बाई होती, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासायच्या कामाला जाणारी. टेम्पोवाला केदारखेड्याचा, भाजी घेऊन बाजारात निघालेला. त्याने स्वतः तिला टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं आणि मग शर्टावरचं रक्त तसंच ठेवून पायी ठाण्यात येऊन बसला. आम्हा पोलिसांची एक खोड आहे. पळणाऱ्याचा आम्ही शोध घेतो आणि आपणहून येणाऱ्याचा संशय.

त्या दिवशी बड्या पाहुण्यांचा बंदोबस्त होता. सकाळी सातपासून मी, माझी जीप आणि अर्धं ठाणं शहराच्या दुसऱ्या टोकाला. घटनास्थळी पंचनाम्याला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. रस्ता स्वच्छ होता. मी दोन पंचांसमक्ष लिहून घेतलं, सायकलचा पट्टा मोकळा, कोणताही अडथळा नाही. ते वाक्य माझ्या तोंडचं आहे, त्याखाली माझी सही आहे.

टेम्पोवाल्याचं म्हणणं एकच होतं. "साहेब, वाळूचा ढीग होता. डोक्याइतका उंच. बाई समोरून ढिगाआडून एकदम रोडवर आली. मी ब्रेक मारला बराबर, पण गाडी न्हाई थांबली."

मी त्याला सांगितलं की त्या रस्त्याने मी रोज जातो, तिथे ढीगबिग काही नाही. इतक्या ठामपणे सांगितलं की शेजारी लिहीत बसलेल्या जमादारानेही मान डोलावली. मी त्याला तीन वेळा विचारलं, कधी बसवून, कधी उभं करून, कधी आवाज चढवून. खोट्या माणसाची गोष्ट दर वेळी थोडी वाढते, तिला फांद्या फुटतात. याची गोष्ट तसूभर वाढली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि तरीही मी ते मनावर घेतलं नाही. त्याचा परवाना जाणार होता, कदाचित शिक्षाही झाली असती. पण त्याला सलत होतं ते वेगळंच. म्हणाला, "ती बाई उठून म्हणंल, यानं मला बघून बी उडवलं. ते मला सहन न्हाई व्हायचं."

बाईच्या मांडीच्या हाडात सळई बसवली होती. डोक्याला मार होता, बोलता येत नव्हतं. तिचे वडील, निवृत्त शिक्षक, दवाखान्याच्या बाकावर ताठ बसलेले असत. मी गेलो की जय भीम करून उठत. मी म्हटलं, गुरुजी, माणूस आमच्या ताब्यात आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, नुसता माणूस धरू नका, कारण धरा."

कारण कुठून धरणार? दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना विचारलं, कोणी ढीग पाहिला नव्हता. एका दुकानात कॅमेरा होता, पण त्याचं तोंड गल्ल्याकडे. नोकरांवर नजर. पुढे समजलं की त्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या पट्ट्यावर होतं. कोणाची पायरी, कोणाची गाडी, कोणाची पाटी. ढिगाचं नाव घेतलं तर बोट फिरून आपल्यावर येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोक्त बाई कडेवर रिकामी घागर घेऊन ठाण्यात आली. मागच्या गल्लीतली, धुणीभांडी करणारी. तक्रार द्यायची नाही म्हणाली, फक्त एक विचारायचं होतं. "साहेब, शहरात रस्ते धुतेत का कुठं? आमच्या गल्लीत आठ दिस झाले, नळाला पाणी न्हाई. अन् त्या बिल्डिंगवाल्यांनी परवा टँकर लावून रोड धुतला. बराबर ॲक्शिडंट झाल्ता तिथंच."

मी खुर्चीतून उठलो ते थेट जागेवर. जालन्यात उन्हाळ्यात माणूस अंघोळीचं पाणी झाडाला घालतो, आणि यांनी डांबर धुतलं!

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दूरचं डांबर पाण्यासारखं हलत होतं. तिथे मी ते पाहिलं. उन्हाने सगळा पट्टा विटून वाळक्या पानासारखा झाला होता, पण मधे एका जागी हिरवा रंग जसाच्या तसा, ताजा, गडद. कडा वाकड्यातिकड्या. मी पावलं टाकून मोजलं, लांबी अकरा पावलं. महिनोन् महिने त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. झाड तोडून नेल्यावर सावली मागे राहावी, तसा तो ढीग तिथे राहिला होता. धूळ तशीच ठेवली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, यांनी ती पाण्याने धुऊन उघडी केली. मी त्या हिरव्या तुकड्यावर किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. ऊन विसरलो होतो. सारखं वाटत होतं की हा आकार मी कुठेतरी पाहिला आहे.

फोटो काढले, पुरवणी पंचनामा केला आणि बांधकामाच्या मुकादमाला बोलावलं. त्याला चहा पाजला. ढिगाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, धूळ उडू राह्यली होती म्हणून टँकर लावला. मी म्हटलं, धूळ सगळ्या रस्त्याला आहे, अकरा पावलांचंच एवढं प्रेम का? त्याने कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. अपघात होताच मालकाचा फोन आला, जेसीबी आला, दोन तासांत वाळू आत ओढून घेतली. शेवटी म्हणाला, "साहेब, तिथं सगळेच गाड्या लावतेत. तुमची बी..." आणि कप पुन्हा तोंडाला लावला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. गुन्हा उघड झाल्याच्या आनंदात होतो.

त्याच संध्याकाळी टेम्पोवाल्याला बोलावून ढीग सापडल्याचं सांगितलं. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मला लाज वाटली.

आठवड्याने डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा बाईचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो, जमादाराला लिहायला घेऊन. ती हळू आवाजात, थांबत थांबत बोलत होती. ढीग तिला ठाऊक होता, रोजचाच. मी विचारलं, मग त्या दिवशी असं काय झालं?

"रोज ढिगाच्या अलीकडं, चहाच्या टपरीपाशी तुमची जीप उभी राहायची, साहेब. त्यामुळं मी आधीच रोडवर यायची. समोरच्या गाड्यांना मी लांबून दिसायची. त्या दिवशी जीप न्हवती. मला वाटलं, चार पावलं का होईना, आज आपल्या पट्ट्यातून जावं."

ती थोडी हसली. "लई छान वाटलं. मंग ढीग आला."

जमादाराचं पेन थांबलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते.

सकाळी नऊचा चहा मी त्या टपरीवरच घ्यायचो. जीप पट्ट्यावर, मी बॉनेटला टेकलेला. सकाळचं ऊन तोंडावर येऊ नये म्हणून मी बरोबर त्या वाळूच्या आडोशाला उभा राहायचो. महिनोन् महिने ज्याच्या सावलीत चहा प्यालो, तो ढीग तिथे नव्हता असं मी एका माणसाला तीन वेळा ओरडून सांगितलं होतं. आणि मी खोटं बोलत नव्हतो, हेच मला आजही भिववतं.

"लिही," मी जमादाराला म्हटलं, "त्या म्हणाल्या तसंच. जीपचा नंबरही घाल."

दोषारोपपत्रासोबत तो जबाब गेला. टेम्पोवाला सुटला, बांधकामवाल्यावर खटला चालला, मला वरून लेखी समज मिळाली. बाई पुन्हा कामावर जाऊ लागली, पाय किंचित ओढत, ऑटोने. नोकरीत मी साक्षीदारांना नेहमी विचारत आलो, तुम्ही काय पाहिलंत? त्यानंतर मी आणखी एक विचारू लागलो, तुम्ही रोज कुठे उभे असता?

पट्टा पुन्हा रंगवला, आता तो तुकडा वेगळा ओळखू येत नाही. दुपारच्या डुलकीत मात्र मी त्यावरून चालत असतो, आणि समोरून ती सायकलवर येत असते, हसत. मी तिला थांब म्हणणार एवढ्यात माझ्या हातात चहाचा कप असतो.