गठ्ठ्यातलं मत

काकांनी माझा उमेदवारीचा फॉर्म आडनावापर्यंत वाचला, चष्मा काढला आणि माइकवरच म्हणाले, "मुली, इथे गठ्ठा मतदान चालत नाही हं. तुमच्याकडे चालत असेल."

सभेसाठी घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात हशा झाला. फार मोठा नाही. सभ्य. मागे आमटी गरम होत होती आणि तिच्यापाशी डाव घेऊन मी उभी होते, कारण वाढायचं काम दरवर्षी आम्हा विद्यार्थ्यांकडे असतं.

हे परदेशातल्या श्रूजबरी गावचं मराठी मंडळ. काका हार्टचे डॉक्टर, आता निवृत्त, मंडळाचे अध्यक्ष. इथे निवडणूक कधी झालेलीच नाही. नॉमिनेशन कमिटी सात नावं वाचते, "सुजाण, समंजस मंडळी" म्हणते, बाकीचे टाळ्या वाजवून जेवायला उठतात. पण मी मंडळाची घटना वाचली होती. आठवं नाव आलं तर मतदान घ्यावं लागतं, आणि अर्धी वर्गणी भरणाऱ्या विद्यार्थ्यालाही मत असतं. आठवं नाव माझं होतं.

"मतदानाचं पुढच्या महिन्यात बघू," काका म्हणाले. मी आमटी वाढली. काकांनाही वाढली. त्याची मला अजून लाज वाटते.

मी इथे रशियाचा इतिहास शिकते. झारच्या काळातल्या निवडणुका हा माझा पीएचडीचा विषय. चार वर्षं जमीनदारांची पत्रं, अधिकाऱ्यांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं वाचतेय. त्यांत मत देणारे शेतकरी म्हणजे 'अंधारातली माणसं', 'करडा जमाव'. निवडून येतात ती 'उत्तम माणसं'. पण निवडून शेतकरीच आला, तर त्याच्या भाषणाऐवजी त्याच्या बुटांवर लिहायचं. आधी शब्द रुळले. मग कायदा बदलून शेतकऱ्यांच्या जागा कापणं सोपं गेलं.

आणि मी काय केलं? पहिल्याच चॅप्टरमध्ये लिहून मोकळी झाले, 'अडाणी मतदारांना निवडणूक समजत नव्हती.' अवतरणचिन्हं न देता. माझ्या गाइड बाईंनी समासात एवढंच विचारलं, 'हे कोण म्हणतं?'

दोन दिवस मी नुसती बसून होते. म्हणत होता जमीनदार. त्याचं म्हणणं मी उचललं होतं, तेही फुकटात.

माझे वडील नांदेडकडच्या एका कॉलेजात शिपाई. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन, सकाळी सातलाच रांगेत. मत कुणाला द्यायचं यावरून दोघं आठवडाभर भांडायचे आणि कित्येकदा वेगवेगळं बटण दाबून यायचे. कोपऱ्यावरचे वकील ओट्यावरून म्हणायचे, "निघाला गठ्ठा." वडील ऐकायचे आणि पुढे चालायचे. मला वाटायचं, ते भितात. भीत नव्हते. त्यांना रांग गाठायची होती.

परवा काकांचा फोन आला. आवाज मऊ.

"बेटा, नाव मागे घे ना. उगाच कटुता येते. आपण तुला कल्चरल सब-कमिटीत अपॉइंट करू. तू इतकी ब्राइट आहेस, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस."

"कुणातली, काका?"

ते म्हणाले, "अगं, तू मनावर नको घेऊस."

थकलेय मी. खरंच थकलेय. प्रबंध अर्धा आहे, व्हिसाचा घोर आहे, आणि दिवाळीला जायला माझ्याकडे हीच माणसं आहेत. नाव मागे घेतलं असतं तर सगळं गोड झालं असतं. फोन येण्याआधी चार दिवस तेच घोळवत होते, खोटं कशाला सांगू.

फोन ठेवला आणि ईमेल लिहायला बसले. नाव मागे घेत नाही. मतदान घ्या, कागदावर, गुप्त. विद्यार्थ्यांची नावं यादीत घाला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन वर्षं मी फक्त पहिलं नाव ठेवलं होतं. आडनाव लपवलं होतं, आता सरळच सांगते. ईमेलखाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पडेन बहुतेक, मला ठाऊक आहे. तरी शेवटची ओळ घातली: मतपत्रिकेवर माझं नाव असंच, पूर्ण छापा.