डस्टरखालची चिठ्ठी

आमच्या बाई रोज फळ्यावर एक चूक लिहायच्या. चुकून नव्हे, अगदी ठरवून. ती चूक घरूनच चिठ्ठीवर लिहून आणायच्या, घडी घालून डस्टरखाली ठेवायच्या आणि मग शिकवायला लागायच्या. तास संपायच्या आत आम्ही ती शोधायची. सापडली की चिठ्ठी उघडून वर्गाला दाखवायच्या. कुंडलच्या शाळेत हजेरीपटावर त्या मुलाणी बाई, पण सगळ्या गावाला चूकवाल्या बाई. त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

"फळ्यावर लिवलंय म्हणून खरं मानता व्हय रं?" त्या पोरांना डाफरायच्या. "फळा काय तुमचा सासरा हाय, त्याच्यापुढं मान खाली घालायला?" वर्ग खिदळायचा, पण डोळे फळ्यावरच. पाठांतरात पहिली येणारी मुलं इथं मागं पडायची, आणि जिला कधी कुणी उठवलंच नव्हतं अशी एखादी उठून फळ्यापाशी जायची.

एकदा तपासणीला साहेब आले. फळा बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते तोंड उघडणार तोच मागून एक पोरगी ओरडली, "आवं सायेब, तुमी सांगू नगा! आमी हुडकतोय!" साहेब बिचारे तास संपेपर्यंत गप्प बसले.

मी सातवीत होते, भारी बुजरी. त्या दिवशी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बाईंनी दोनशे अंश लिहिली होती. माझा हात कसाबसा खांद्यापर्यंत वर गेला, आणि बाईंनी नेमकं मलाच उठवलं. नुसतं चूक म्हणून भागायचं नाही, का चूक ते पटवून द्यावं लागायचं. मी कागदाचा त्रिकोण कापला, त्याची तिन्ही टोकं फाडून शेजारी शेजारी ठेवली. सरळ रेघ झाली. तरी बाई ऐकेनात. "आन् मी म्हणते दोनशेच, मग?" मला रडूच फुटणार होतं. "तरी चूक, बाई." त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "आशीच ऱ्हा," एवढंच म्हणाल्या. मी शिक्षिका झाले ती त्या खडूमुळे.

पुढं सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शाळेत मी गणित शिकवू लागले. बाई निवृत्त होऊन तिथंच मुलाकडे आल्या होत्या. दर शनिवारी मी त्यांना माझ्या वर्गावर बोलावून घ्यायचे. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. एका शनिवारी फळ्यावर दोन चुका निघाल्या, पुढच्या शनिवारी तीन; टाळ्यांच्या गोंगाटात चिठ्ठी उघडायची राहूनच गेली. मी आपली खूश! म्हटलं, बाईंनी खेळ अवघड केलाय. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

मग एका शनिवारी पाच निघाल्या. मुलं टाळ्या पिटत घरी गेली. बाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. त्यांनी डस्टरखालची चिठ्ठी उघडून माझ्यापुढं धरली.

"हितं एकच लिवलीया गं मी. बाकीच्या चार कुठनं आल्या? माजं कायतरी चुकतंय का? खरं सांग. तुला मी शिकवलंय."

मागचे सगळे शनिवार मला त्या क्षणी कळले. आणि मी हसले. "काही नाही हो बाई, घाईत चिठ्ठीवर लिहायच्या राहिल्या असतील."

मला वाटलं, बाई आता भांडतील. "आसंल," म्हणाल्या आणि चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

त्या पुन्हा वर्गावर आल्या नाहीत. डॉक्टरांकडे न्यायला वर्ष गेलं, तोवर मुलाचं नावही त्या विसरल्या होत्या. तू बोलली असतीस तरी आजार थांबला नसता, असं सगळे मला समजावतात. नसता थांबला. पण ते वर्ष बाईंनी एकटीनं काढलं, कारण ज्या एकीला त्यांनी विचारलं तिनं थाप मारली. गेल्या वर्षी बाई गेल्या.

आता माझ्या डस्टरखाली चिठ्ठी असते. मुलं चूक हुडकतात, मी हटून बसते, ती माझ्याशी भांडतात. "तरी चूक, मॅडम!" कुणीतरी ठणकावून सांगतं. खडू देताना मला त्या पोराच्या डोळ्यांत बघवत नाही. बाईंनी आयुष्यात एकदाच, उत्तर ठाऊक नसताना, मला विचारलं होतं. आणि माझा हात वर गेला नाही.