हिरव्या छल्ल्याची किल्ली

एकाच ऑफिसात सत्तावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत आणि कशाला ठेवले तेही सांगता येत नाही. माझं ऑफिस सिकंदराबादला, बियाणांच्या कंपनीचं. मी नारायणगुड्याची. हुद्दा एच.आर. मॅनेजर, म्हणजे हजेरी, रजा, निरोपसमारंभ आणि साहेबांना जे स्वतः बोलायला नको वाटतं ते बोलणं. मैत्रिणी जमल्या की मी यातले बरेच किस्से सांगते आणि त्या पोट धरून हसतात. फरहीनचे मात्र सांगायला लागले की मीच मध्ये अडखळते. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सगळे एकदम सांगून टाकते.

*

फरहीन आमच्या टेस्टिंग लॅबची प्रमुख. मलकपेठला राहायची. ओल्या कागदावर बी मांडायचं, किती उगवतं ते मोजायचं आणि कमी उगवलं तर तो लॉट अडवायचा, हे तिचं काम. तिची सही नसेल तर एक पाकीट गोदामाबाहेर पडत नसे. लॅबमध्ये नमुन्यांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याला किल्ली एकच, आणि ती ज्याच्याकडे त्याच्याकडे लॅब, असा आमच्याकडचा अलिखित नियम. फरहीनने त्या किल्लीला लाड बाजारातला लाखेचा हिरवा छल्ला अडकवला होता.

एकदा हंगाम तोंडावर आलेला आणि तिने मक्याचा मोठा लॉट अडवला. साहेब स्वतः लॅबमध्ये आले. "फरहीन, या वेळेस पास करून टाक," म्हणाले. तिने कागदाची गुंडाळी त्यांच्यापुढे उलगडली.

"मैं तो पास कर देतूं सर. उगने कू बीज से कौन बोलेंगे?"

साहेब हसले. लॉट राहिला गोदामातच. ते हसणं मी खरं मानलं होतं.

*

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या बाईचं कॉन्फरन्स रूममध्ये कौतुक करायचं. तेलुगू बायका त्याला श्रीमंतम म्हणतात, मी डोहाळजेवण म्हणते. फरहीनची पाळी आली तेव्हा मी जरा बिचकत तिला विचारलं, तुला चालेल ना?

"हौ मॅडम, हमारे में भी सतवासा होता," ती म्हणाली. "कुंकू नक्को, बाकी सब करो."

मग काय, बांगड्या झाल्या, गजरा झाला, यादम्माने घरून पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, करून आणला. यादम्मा म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणारी, आणि खरं तर सगळ्यांची आई. साहेबांनी भाषण केलं, "मनमंता ओके कुटुंबम." आपण सगळे एकच कुटुंब. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, किल्ली घेऊन ठेवा."

ज्या हातांनी बांगड्या भरल्या तेच हात मी पाच मिनिटांत तिच्यापुढे पसरले. तिने छल्ल्यासकट किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"संभालके रखो मॅडम. आके लेतूं."

"तुझीच आहे गं ती," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सतीशला दिली.

*

सतीश फरहीनच्या हाताखालचा. पोरगा गरीब स्वभावाचा, त्याच्यावर माझा राग नाही. लॅबचा चार्ज त्याला तात्पुरता दिला होता. पहिल्या महिन्यात दारावर फरहीनच्या पाटीवर कागद चिकटवला, 'सतीश, प्रभारी'. तिसऱ्या महिन्यात कागद मळला म्हणून त्याला लॅमिनेशन केलं. पाचव्या महिन्यात साहेब म्हणाले, बाहेरची माणसं येतात, बरं दिसत नाही. तेव्हा पितळेची पाटी आली. तिच्यावरून 'प्रभारी' गळलं होतं.

ऑर्डर माझ्या सहीने गेली. पाटीवाल्याने फोन करून विचारलं, "मॅडम, जुन्या पाटीचं काय करू?"

मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे."

*

सतीशला कागदावरचं बी मोजता येई, पण रोपटं पिवळं का पडलं ते सांगता येत नसे. मग तो फरहीनला फोन लावी, व्हिडिओ कॉल. ती बाळाला मांडीवर घेऊन इकडच्या ट्रेकडे बघायची. "ये बुरशी है सतीश, बीज का कसूर नै. कागद बदलके फिर से लगा."

एकदा साहेब नेमके तेव्हा लॅबमध्ये शिरले आणि आत बाळ रडतंय म्हणून चक्रावले. सतीश घाबरून म्हणाला, "सर, क्वालिटीचा कॉल चालू आहे."

हा किस्सा आम्ही ऑफिसात महिनाभर हसून हसून सांगितला. रजेवरच्या बाईकडून आपण फुकट काम करून घेतोय, हे हसताना कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. तो माझ्या कामाचाच भाग होता.

*

सव्वीस आठवडे संपले. सोमवारी सकाळी ती हजर. सगळ्यांसाठी उस्मानिया बिस्किटं आणली होती. थेट लॅबकडे गेली, पितळेची पाटी वाचली आणि माझ्या टेबलाशी आली. तिच्यासाठीचं पत्र मी आदल्या शुक्रवारीच टाइप करून ठेवलेलं. 'समकक्ष पदावर, त्याच वेतनावर, अभिलेख विभागात.' अभिलेख विभाग म्हणजे जिन्याखालची खोली आणि जुन्या फायली. त्या विभागात तोवर कुणी माणूस नव्हता.

तिने पत्र दोनदा वाचलं. मी साहेबांचं वाक्य म्हटलं, "तुला आराम मिळावा म्हणून गं. बाळ लहान आहे."

"आराम तो घर में था मॅडम," ती म्हणाली. "मैं काम कू आई."

बिस्किटं मात्र तिने सगळ्यांना वाटली. सतीशलाही.

*

पाळणाघराचा किस्सा सांगितला की लोकांना खोटा वाटतो. आमच्यासारख्या मोठ्या ऑफिसला पाळणाघर ठेवावंच लागतं. त्यामुळे तपासणी होणार असं कळलं की आठवड्यात एक खोली रंगवून होई. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात पाळणा, खाली रबरी चटई. तपासणी झाली की यादम्मा खेळणी धुऊन माझ्या कपाटात ठेवी आणि खोलीत पुन्हा बियांची पोती येत.

फरहीनने एक दिवस बाळाला आणलं. खोली उघडली तर पाळण्यात भेंडीच्या बियांची पाकिटं. तिने एक पाकीट उचलून तारीख बघितली.

"मॅडम, इनकी तो मुद्दत खतम हो गई. ये किसके बच्चे हैं?"

मी हसले. ती नाही हसली. बाळाला घेऊन ती रिक्षाने परत गेली.

*

आता माझा स्वतःचा. मी या कंपनीत लागले ती खरेदी विभागात. गावोगाव जाऊन बीजोत्पादक शेतकऱ्यांशी सौदे ठरवायचे. आमचं घराणं बिदरकडच्या शेतीतलं, मला बी हातात घेतलं की कळायचं. मग मुलगी झाली. तेव्हा रजा तीनच महिन्यांची. परत आले तर माझ्या जागी दुसरा, आणि मला हजेरीपत्रकावर बसवलेलं. हेच साहेब, तेव्हा तरुण होते. मी विचारलं, खरेदीत परत कधी? ते म्हणाले, "चूद्दाम." म्हणजे बघूया.

मी हजेरीपत्रकावरून चढत चढत एच.आर. मॅनेजर झाले. लोक याला प्रगती म्हणतात. मीही म्हणत आले.

म्हणून पुढचं मला जास्त बोचतं. फरहीनने महिनाभर फायली लावल्या आणि मग माझ्याकडे आली. "मॅडम, बस इतना लिखके देव, के छुट्टी पे जाने तक लॅब मेरे पास थी. आगे मैं देख लेतूं."

एवढंच. कायदा माझ्याच कपाटात होता, मी त्यावर नव्या लोकांना भाषण देत असे. रजेच्या आडून बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत, हे मला पाठ होतं. पण नवरा नुकताच रेल्वेतून निवृत्त झालेला, माझी चार वर्षं उरलेली. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

मी तिला म्हटलं, "चूद्दाम."

तिने माझ्याकडे बघितलं, "हौ," म्हणाली आणि गेली. त्याच आठवड्यात तिचा राजीनामा आला. आता ती घरी दहावीच्या मुलींना सायन्स शिकवते. मी ईदला फोन करते. ती दरवेळी खुशाली विचारते, ऑफिसचं कधीच विचारत नाही.

*

गेल्या वर्षी सतीश दुसरीकडे गेला आणि लॅब मृणालकडे आली. मृणाल पुण्याची, नवरा आयटीत. हुशार आणि जरा फटकळ. तीही लॉट अडवते. या महिन्यात तिचं डोहाळजेवण झालं. कॉन्फरन्स रूम तीच, पुलिहोरा तोच. साहेबांचे केस पांढरे झालेत, भाषण तेच आहे. टाळ्या चालू असताना ते माझ्याकडे वाकले. "मॅडम, किल्ली घेऊन ठेवा."

मृणालला रीत कुणीतरी सांगितली असावी. तिने आपणहून पर्समधून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. हिरवा छल्ला अजून तसाच होता, नुसता एका बाजूने टवका उडालेला.

मी तिची मूठ बंद केली. "तुझ्याकडेच ठेव. सहा महिने ज्याला कपाट उघडायचं असेल तो किल्ली तुझ्या घरून मागून नेईल आणि सही करून परत देईल." मग तिथेच उभ्या उभ्या एक कागद लिहिला, लॅब आजपर्यंत मृणालकडे आहे आणि ती परतल्यावर तिच्याकडेच राहील. खाली हुद्द्यासकट सही केली आणि तोही तिला दिला.

साहेब तासाभराने माझ्या टेबलाशी आले. "किल्ली?"

मी म्हटलं, "चूद्दाम."

माझ्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते, तेव्हा यात शौर्य काही नाही. तरी मला राहवलं नाही. घरी पोचताच मी फरहीनला फोन लावला आणि सगळं सांगितलं, साहेबांचा चेहरा कसा झाला तेसुद्धा. वाटलं, ती हसेल.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "अच्छा करे मॅडम," म्हणाली. मग तिने विचारलं, "छल्ला हरा है क्या उस चाबी का?"

"हो. हिरवाच."

"तो वो मेरी है मॅडम."