तापीवर उडालेली भाकर

आमची वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, फवारणीचा ड्रोन चालवते. ड्रोन बचतगटाचा, सगळ्या बायकांच्या पोटापाण्याचा. पपईच्या वावरावर ती तो फिरवायला लागली की मी नुसती तोंडात बोट घालून बघायची.

त्या पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सोडलं आणि तापी एकदम चढली. भाऊ मोटर काढायला नदीकाठच्या पंपाच्या खोलीवर गेलेला, तो तिथेच छतावर अडकला. चहूकडे गढूळ पाणी. होडी घालायची कुणाची छाती होईना. हेलिकॉप्टर येतंय, असं तहसीलवाले सांगून गेले. पण आईला धीर कुठला! तिने भाकर-ठेचा फडक्यात बांधला आणि सुनेपुढे धरला.

"मन्हा पोऱ्या भुक्या शे. तुन्हा इमानले बांध."

आमच्याकडे माणूस बुडत असला तरी आधी त्याला जेवलास का विचारतील! वहिनीने गाठोडं बांधलं, ड्रोन उडवला. भाकर पुरावरून निघाली. भावाने हात वर केले. आणि तेवढ्यात वळणावरून हेलिकॉप्टर आलं.

आई गं, काय तो आवाज! काठावरची बाभळीची झाडं वाकली, माझा पदर उडाला. पण ते खाली येईना, वरच घिरट्या घालू लागलं. वहिनी पांढरीफटक पडली. "माझ्यामुळे येत नाहीये," ती म्हणाली. "माणसं बसलेलं विमान आलं की ड्रोनने वाट सोडून खाली उतरायचं. कायदा आहे. पात्यात अडकला तर सगळेच जातील."

"घाल तो कायदा चुलामा! पहिले भाकर दे!" आई ओरडली.

छतावर न्यायचा काय किंवा काठावर परत आणायचा काय, हेलिकॉप्टरच्या खालूनच जावं लागलं असतं. वहिनीने ओठ चावला आणि ड्रोन तिथल्या तिथे सरळ तापीत उतरवला. भाकरीसकट गेला.

मग ते अजस्र धूड हळूहळू खाली आलं. दोर सुटला, आणि माझा भाऊ पाण्यावरून आभाळात चढत गेला. मी हात जोडून उभी होते. कुणाला जोडले, अजून कळत नाही.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "भाकर हातले लागनारच व्हती."

आईने चूल पेटवली, पहिली भाकर थापली. भावाने ताट पुढे ओढलं. आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सुनेपुढे ठेवलं.

"बठ. आज पहिले तू खा."